बॉल सुटला त्याच्या आधी

अहो, तुमच्याबद्दल लिहून द्या म्हणून दिनकररावांचा फोन आला होता. मंडळाचा गणपती अंक निघतोय, त्यात दोन पानं तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत म्हणे. "वहिनी, अगदी मनमोकळं लिहा," म्हणाले, "फक्त ते फुटबॉलचं प्रकरण तेवढं नको. गेलेल्या माणसाचं चांगलंच लोकांच्या लक्षात राहावं." मी बरं म्हटलं नाही. फोन ठेवला, चहा टाकला आणि फुटबॉलवरच लिहायला बसले. मंडळाचे अध्यक्ष झाले म्हणून माझ्या नवऱ्याबद्दल काय लिहायचं ते हे ठरवणार होय? छापायचं तर छापतील, नाहीतर झेरॉक्स काढून आरतीच्या वेळी हॉलच्या दारात उभी राहून वाटीन.

शोकसभेत काय बोलले ते तुम्ही ऐकायला हवं होतं. चर्चचा तोच तळघरातला हॉल, जिथे आपण दर वर्षी पाडव्याला श्रीखंड वाटायचो. दिनकरराव माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मधुकर हुशार होता, सज्जन होता, पण थोडा हेकट. या देशात जमवून घ्यावं लागतं, ते त्याला साधलं नाही. त्यामुळे तो कुठे टिकला नाही." लोकांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण पांढरी साडी नेसलेल्या बाईनं उठून भांडायचं नसतं ना, म्हणून गप्प बसले. तेवढंच गप्प बसणं झालं, आता नाही.

आणि मीनल माझ्या शेजारी होती. लेकीला मराठी सगळं कळतं, फक्त बोलताना तिला इंग्लिश आठवतं. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "आई, व्हाय डिड दे फायर हिम? डिड बाबा डू समथिंग राँग?" मी गाडी चालवत होते. सिग्नल हिरवा झाला तरी माझी गाडी जागची हलेना, मागचे हॉर्न मारायला लागले. तुमची ती नोकरी गेली तेव्हा ती लहान होती आणि आपण दोघांनी ठरवून तिच्यासमोर तो विषय काढला नाही. ती आता ॲन आर्बरला कॉलेजात आहे, आणि तिच्या बापाबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं की त्याला फुटबॉलच्या टीमनं काढून टाकलं; अलीकडे थोडं कानावर पडलं, तेही अर्धवट. हे तिच्या डोक्यात असंच राहिलं तर मी कशाला जिवंत आहे? म्हणून सगळं सांगते, तिलाही आणि मंडळालाही. तुम्ही मध्ये बोलू नका.

मोटार कंपनीतल्या तुमच्या नोकरीपासून सुरुवात करायला हवी. मंदी आली, रोज कुणा ना कुणाच्या घरून नोकरी गेल्याची बातमी यायची, एक दिवस आपल्या घरची आली. आपल्या लोकांत तेव्हा सगळे दुसरी इंजिनियरची जागा शोधत होते. टेक्सासला जा, कॅलिफोर्नियाला जा. तुम्ही मात्र पेपरातली भलतीच जाहिरात दाखवलीत. तासाभरावरच्या एका प्रोफेशनल फुटबॉल टीमला सामन्यांची फिल्म काढणारा, कापणारा, जोडणारा माणूस हवा होता. मी म्हटलं, "डोंबल! इंजिनियर होऊन शूटिंग करणार?" तुम्ही म्हणालात, "प्रोजेक्टर हेही यंत्रच आहे की." आणि गेलात. बायकांनी मला हळदीकुंकवाला विचारलं, तुमचे हे सिनेमात गेले का हो? मी म्हटलं, हो, हिरो आहेत.

फिल्म काढायचा नाद तुम्हाला आधीपासूनचा. मंडळाच्या प्रत्येक नाटकाची तुम्ही फिल्म काढलीत, आणि प्रत्येक फिल्मला लोकांनी नावं ठेवली, कारण तुमची फिल्म नाटकाच्या कितीतरी आधी सुरू व्हायची. पडद्याची दोरी अडकलीय, कोणीतरी टेबल उचलून नेतंय, दिनकरराव शिवाजी झालेत आणि डिंकानं चिकटवलेली दाढी एका हातानं धरून बायकोवर खेकसतायत. ती फिल्म सगळ्यांसमोर दाखवलीत तेव्हा हॉल हसून हसून लोळला होता. दिनकररावांच्या मनात ते अजून असेल तर मला नवल वाटणार नाही. मी तुम्हाला म्हटलं होतं, पडदा उघडल्यावर बटण दाबायला काय होतं तुम्हाला? तुम्ही म्हणालात, "अगं, पडदा उघडल्यावर सगळेच बघतात."

या खेळातलं मला तुम्हीच शिकवलंत. नाव फुटबॉल, पण या अमेरिकन लोकांचा सगळा कारभार हातानं. एक जण मागून बॉल फेकतो, दुसरा पुढे पळत जाऊन तो झेलतो, आणि त्यानं झेलू नये म्हणून बाकीचे दांडगट त्याच्या अंगावर येतात. झालं, एवढंच. आपण क्रिकेटची माणसं, कॅच सोडला की सोडणाऱ्याला शिव्या घालणं आपल्या रक्तात. त्या नोकरीनंतरच्या वर्षांत रविवारी आपल्याकडे मित्रमंडळी टीव्हीसमोर जमायची, आणि बॉल कुणाच्या हाताला लागून पडला की सगळे एका सुरात ओरडायचे, "अरे, लोणी लावलंयस का हाताला!" माझा आवाज सगळ्यांत मोठा. तुम्ही एकटे गप्प बसून चिवडा खायचात आणि मग म्हणायचात, "त्याला तिकडे वळायला कोणी सांगितलं ते बघा." कोण बघतंय? जाहिराती लागलेल्या असायच्या.

तुमच्या टीमचं नाव मी घेत नाही. हेड कोचचंही नाही. घरात आपण त्याला टोपीवाला म्हणायचो, कारण जेवतानासुद्धा त्याची टोपी डोक्यावरून उतरायची नाही असं तुम्ही सांगितलं होतं. त्याची सोमवारची एक पद्धत होती. आदल्या दिवशीच्या सामन्यात ज्याच्या हातून बॉल सुटला, त्याचे तेवढेच तुकडे कापून, एकापुढे एक जोडून रीळ बनवायचं. सगळी टीम अंधाऱ्या खोलीत बसवायची आणि ते रीळ पुढे-मागे, पुढे-मागे चालवायचं. बॉल हातातून पडतोय, परत हातात येतोय, परत पडतोय. सगळे हसायचे, आपली पाळी नाही म्हणून. ज्याची पाळी तोही हसायचा. आणि ते तुकडे कापायचं काम तुमचं.

सोमवारी तुम्ही घरी आलात की जेवायचा नाहीत. मी विचारलं की म्हणायचात, पोट बरं नाही. एकदा मात्र बोललात. डॅरेल नावाचा एक नवा मुलगा आलाय, दक्षिणेकडचा, पहिलाच सीझन. चांगला पळतो. पण टोपीवाला कडेला उभा राहून अगदी शेवटच्या क्षणी हात हलवून डाव बदलतो. फेकणाऱ्याला तो इशारा दिसतो, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या डॅरेलला दिसेपर्यंत खेळ सुरू झालेला असतो. तो वळतो तेव्हा बॉल तोंडावर आलेला असतो. हाताला लागतो, पडतो. पेपरवाले लिहितात, डॅरेलनं पुन्हा बॉल सोडला. आणि टोपीवाल्याला विचारलं तर तो सगळ्यांसमोर म्हणतो, "बॉल काही मी झेलत नाही."

तुमचं बरोबर आहे असं मी तेव्हा म्हटलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारी बाई. मी म्हटलं, "माझ्या हातून रक्ताची ट्यूब फुटली तर मी सुपरवायझरचं नाव सांगते का?"

"आणि त्यानंच तुला पळ पळ म्हटलं असेल तर?"

"तरी ट्यूब माझ्याच हातात होती."

"मान्य. मग रिपोर्टात तुझं नाव लिही. पण त्याच्याखाली त्याचंही लिही."

"असं कोणी लिहितं का?"

"नाही ना लिहीत," तुम्ही म्हणालात, आणि पोळीचा पहिला घास घेतलात. त्या दिवशी निदान जेवलात.

मग टोपीवाल्यानं डॅरेलचे सीझनभरातले सगळे सुटलेले बॉल एकत्र मागितले. एक मोठं रीळ, सगळ्यांसमोर दाखवायला. त्याला त्या मुलाला काढायचं होतं, आणि का काढलं हे कोणी विचारू नये म्हणून त्याच्या तोंडाला आधी काळं फासायचं होतं. तुम्ही जुन्या सामन्यांच्या फिल्मचे डबे घरी आणलेत. रविवारचा दिवस, टीमला सामना नव्हता. बेसमेंटमध्ये कपडे वाळत घालायच्या दोरीवर फिल्मच्या पट्ट्याच पट्ट्या, आणि माझे टॉवेल जमिनीवर. मी चिडून खाली आले, आणि तुम्ही म्हणालात, "जरा हे धर. नखं लावू नकोस."

मी लॅबचे हातमोजे घातले आणि धरलं. तुम्ही भिंग दिलंत. "बघ, हा हात." मैदानाच्या कडेला टोपीवाल्याचा हात वर होता, आणि खेळाडू ओळीत उभे, पळायच्या बेतात होते. तुम्हाला बजावलेलं असायचं की फिल्म फुकट घालवू नका, खेळाडू पळायला लागले की मग बटण दाबा. पण तुमची खोड जाते कुठे? प्रत्येक वेळी तुमचा कॅमेरा आधीच सुरू. म्हणून ते हात सापडले, एका सामन्यातले नाहीत, सगळ्या सीझनमधले.

तुम्ही विचारलंत, "हे हातही आधी जोडू?"

मी म्हटलं, "तो हातही दिसला आणि या पोरानं बॉल सोडला तेही दिसलं. मला विचारू नका. पण जोडायचं तर नीट जोडा, मध्येच तुटलं तर फजिती होईल." आणि पट्ट्या धरून उभी राहिले. हे दिनकररावांनी नीट वाचावं. हेकटपणा एकट्यानं झालेला नाही.

सोमवारी खोलीत अंधार झाला. बॉल सुटायची वाट बघत सगळे बसले, आणि पडद्यावर आधी आला टोपीवाला. हात हलवतोय. मग खेळ सुरू, मग डॅरेल वळतोय, मग बॉल पडतोय. पुढचा तुकडा, पुन्हा आधी टोपीवाला. पुन्हा हात. तुम्ही म्हणालात, पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही, मग मागच्या बाकावर कोणीतरी फसकन हसलं. आणि या वेळी ते हसू डॅरेलला नव्हतं. दिवे लावले गेले. टोपीवाल्यानं विचारलं, "हे काय आहे?" तुम्ही म्हणालात, "सर, तुम्ही सुटलेले बॉल मागितले होते. ते इथून सुटायला लागतात."

दुपारी तुमच्याकडून ऑफिसच्या किल्ल्या काढून घेतल्या. तुम्ही घरी आलात, बूट काढलेत आणि मला म्हणालात, "एकही जोड तुटला नाही." मी आधी हसले आणि मग रडले आणि मग खूप भांडले. कशाकशावर भांडले ते तुम्हाला माहीत आहे, मंडळाला सांगायची गरज नाही.

तर मीनल, हे असं आहे. तुझ्या बापाला काढलं कारण त्यानं सांगितलेलं काम केलं, फक्त जिथून सुरू करायला हवं तिथून केलं. तो कुठे टिकला नाही हेही खोटं. पुढे कम्युनिटी कॉलेजात त्यानं इतक्या पोरांना कॅमेरा धरायला शिकवला की अंत्यदर्शनाला फ्यूनरल होमच्या पार्किंगमध्ये जागा उरली नव्हती. दिनकररावांना ते दिसलं नाही, कारण ते उशिरा आले.

अहो, आता तुमच्याशी बोलते. मला राग येतो. तुमचा येतो. टीव्हीवर सामना लागला की आजही बॉल पडतो, आणि मी ओरडते, आणि मग थांबते, तुम्ही काय म्हणता ते ऐकायला. कोणी काही म्हणत नाही. परवा तर मी टीव्हीच बंद केला, आणि मग वाटलं, का म्हणून? यांनी शिकवलेला खेळ मी का सोडू? पुन्हा लावला. चिवडा केला, तो मात्र उरला. तुम्ही मला या देशात आणलंत, गाडी शिकवलीत, बर्फात ब्रेक कसा दाबायचा ते शिकवलंत, आणि वाद घालताना बायकोचा आवाज चढला तरी आपला चढवायचा नाही हे तुम्हाला कोणी शिकवलं होतं ते सांगायचं राहून गेलं. माझ्या बहिणी म्हणतात, नशीबवान आहेस. आहेच. पण म्हणून तुमचं सगळं पटलं असं नाही. हात ज्याचे त्याचे असतात हे माझं म्हणणं मी कुठल्याही शोकसभेत मागे घेणार नाही.

पण एक गोष्ट घडलीय, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. गेल्या आठवड्यात डॅरेल आला होता.

मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, फक्त पट्टीवर, भिंगाखाली, एवढासा. दार उघडलं तर दार भरून माणूस. आपले बूट-चपला बाहेर बघून त्यानं न सांगता बूट काढले. टीममधून त्याला पुढच्याच वर्षी काढलं होतं. आता ओहायोत शाळेतल्या मुलांना हाच खेळ शिकवतो. तुम्ही गेल्याचं पेपरात उशिरा वाचलं म्हणाला. सुट्टीला आलेल्या मीनलनं चहा केला. तो सोफ्याच्या अगदी कडेला बसून कप दोन्ही हातांत धरून बसला, आणि बराच वेळ तुमच्याबद्दल काहीबाही बोलत राहिला, मिस्टर के असे होते (आपलं आडनाव टीममध्ये कोणाला उच्चारता यायचं नाही ना), मिस्टर के तसे होते. मग म्हणाला, "मिसेस के, एक गोष्ट मला त्यांना सांगायची होती. धीर झाला नाही. त्या रिळातला शेवटचा बॉल. तो कोचमुळे सुटला नव्हता. इशारा मला वेळेवर दिसला. बॉलही दिसला, अगदी स्वच्छ. तो मीच सोडला, मॅम. त्यांनी माझ्यासाठी नोकरी घालवली, आणि तो एक बॉल माझा होता."

अहो, खरं सांगते, मला आधी आनंद झाला. तुमच्या खुर्चीकडे वळून म्हणणार होते, बघा! मी काय म्हणत होते? खुर्चीवर मीनलची पुस्तकं होती.

"का सोडलास?" मी विचारलं.

"समोरून एक मोठा खेळाडू अंगावर येत होता. मी डोळे मिटले."

"त्याला घाबरलास?"

एवढ्या मोठ्या माणसानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "नाही, मॅम. त्याला नाही. बॉल हवेत होता तेव्हा मला सोमवार दिसत होता. ती खोली."

मग मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "मग तो एकट्यानं सोडलास असं कोण म्हणतं?" तो म्हणाला, पण हात माझे होते. मी म्हटलं, "हात तुझेच! मी कुठे नाही म्हणतेय? पण ती भीती तुझ्या आईनं दिली होती का? दर सोमवारी तुला पुढे-मागे, पुढे-मागे कोणी पाडलं? तो टोपीवाला आज कुठेतरी सुखात झोपतो, आणि तू ओहायोहून गाडी चालवत एका विधवेची माफी मागायला येतोस? तुझ्या शाळेतल्या पोराच्या हातून बॉल सुटला की तूही असंच बोलतोस का त्याला?" तो नाही नाही म्हणत होता. माझा आवाज इतका चढला की मीनल स्वयंपाकघरातून धावत आली. मी अर्धं मराठीत बोलत होते, अर्धं इंग्लिशमध्ये, हात हलवत होते, आणि तो मुलगा रडत होता आणि मी त्याला चिवडा वाढत होते.

तो गेल्यावर मीनलनं कप उचलले. "सो बाबा वॉज राइट?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नसतं, आणि आताही त्या एका बॉलपुरतंच म्हणतेय. बाकीच्या बॉलांवर भांडायला तुम्ही हवे होतात.